एक्सव्ही६ च्या फाइलसिस्टीमला मराठी कमेंट्स : कामाच्या नोंदी

७ जून, शनिवार

आजपासून तारखा टाकून लिहितेय, कारण गेल्या दोन आठवड्यांत जे सुटं सुटं लिहिलं त्यातलं अर्धं कुठल्या फाइलमधे आहे तेच आता सापडत नाहीये.

काम असं आहे. एक्सव्ही६ म्हणजे एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेली छोटी ऑपरेटिंग सिस्टीम, २००६ पासूनची. युनिक्सची १९७५ ची जी सहावी आवृत्ती, तिची मांडणी ठेवून सगळं नव्याने लिहिलंय, आधी इंटेलच्या प्रोसेसरवर चालायची, आता रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरवर चालते. लायसन्सही एमआयटीचंच, त्यामुळे बदल करून पुढे वाटायला कोणाची हरकत नाही. ह्यातल्या फाइलसिस्टीमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणाऱ्या भागाच्या, कोडला मी मराठीत कमेंट्स लिहितेय, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठीच्या टिपा, ज्या मशीन वाचत नाही. मुख्य फाइल एफएस.सी, सातशेच्या आसपास ओळी, तिच्याखाली लॉग.सी आणि बायो.सी, वर फाइल.सी आणि सिसफाइल.सी. फंक्शनची नावं ह्या नोंदींत आम्ही बोलतो तशीच लिहिणारे.

निमित्त मावसभावाचं. तो निफाडचा, दहावीपर्यंत मराठी शाळेत, आता कॉलेज रोडला रूम घेऊन राहतो, कॉम्प्युटरच्या टीवायला आहे आणि दर शनिवारी माझ्याकडे इंदिरानगरला येतो. हुशार आहे. कोड वाचतो, शेजारची इंग्रजी कमेंट वाचतो, मान हलवतो, आणि मग मी विचारलं की अरे ही एक ओळ काढून टाकली तर काय बिघडेल, की गप्प. मूळ कमेंट्स वाईट नाहीत, उलट फार विचार करून लिहिलेल्या आहेत, पण त्या ज्याला थोडं आधीच माहितीये त्याच्यासाठी आहेत, आणि हा मुलगा एकाच वेळी इंग्रजीशी आणि आयनोडशी (फाइलच्या माहितीची डिस्कवरची नोंद) झुंजत असतो. मी स्वतः अंबडला फर्मवेअरचं काम करते, दिवसभर कोडच वाचते, मलाही हा भाग पहिल्यांदा कळायला महिने गेले होते आणि तेव्हा सांगणारं कोणी नव्हतं.

ठरवलेला एकच नियम : कोडच्या एकाही ओळीला हात लावायचा नाही.

१० जून, मंगळवार

नियम पाळलाय हे तपासायचं कसं, ह्यात आजची संध्याकाळ गेली. मला वाटलं सोपंय, आधीचा बिल्ड (कोडपासून बनलेली चालणारी फाइल) आणि आत्ताचा बिल्ड शेजारी ठेवून तुलना करायची. केली तर फाइल वेगळी! पोटात गोळाच आला, म्हटलं कुठेतरी अर्धविराम खाल्ला वाटतं. मग लक्षात आलं की बिल्डमधे डीबगची, म्हणजे चुका शोधायला लागणारी, माहिती पण भरलेली असते, कुठली इन्स्ट्रक्शन सोर्सच्या कितव्या ओळीवरची आहे ते, आणि कमेंट टाकली की खालच्या सगळ्या ओळींचे नंबर सरकतात, म्हणून फाइल बदललेली दिसते. ऑब्जकॉपी हे टूल वापरून कर्नलमधला (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातला) फक्त मेमरीत लोड होणारा भाग वेगळा काढला आणि तो ताडून पाहिला. बाइट न बाइट तोच निघाला. आता प्रत्येक कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवून ठेवायच्या, आधी हे चालवायचं, छोटी स्क्रिप्ट करून ठेवली.

१४ जून, शनिवार

मावसभावाला पहिल्या चाळीसेक कमेंट्स दाखवल्या. रेफ (एखादा आयनोड किती जणांनी धरलाय ती संख्या) प्लस प्लस अशी ओळ होती आणि त्याच्यावर मी लिहिलेलं "रेफ एकने वाढवला". तो म्हणाला, "ताई, हे तर दिसतंच आहे की."

बरोबर बोलला. त्या चाळिसातल्या तीसेक तशाच होत्या, कोडचं मराठीत भाषांतर. त्याला ओळ वाचता येते, ओळ काय करते ते त्याला नको आहे, ती तिथे का आहे आणि बोलावणाऱ्याने आधी काय करून आलेलं असायला पाहिजे ते त्याला हवंय. सगळ्या काढून टाकल्या. आता प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर आधी हे लिहायचं : आत येताना हातात काय असलं पाहिजे, कुलूप (लॉक, एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून) कोणाकडे, बाहेर जाताना काय उरतं, आणि ते परत करायची जबाबदारी कोणाची. मग फंक्शनच्या पोटात फक्त तिथेच लिहायचं जिथे ओळ हलवली तर काहीतरी मोडेल.

१५ जून, रविवार

डिस्कवरच्या मांडणीच्या कमेंट्स, एफएस.एच मधे. डिस्क सारख्या मापाच्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमधे, वाटलेली असते : पहिला बूट ब्लॉक, मग सुपरब्लॉक (मांडणीचे आकडे), मग लॉग (बदल आधी लिहायची जागा), मग आयनोडचे ब्लॉक, मग मोकळ्या ब्लॉकचा बिटमॅप (कुठला ब्लॉक मोकळा ते सांगणारा), मग डेटा. एक ब्लॉक १०२४ बाइटचा. डिस्कवरचा एक आयनोड ६४ बाइटचा, म्हणून एका ब्लॉकमधे १६ आयनोड. हे ६४ कुठून येतात ते मी मोडून लिहिलं, कारण मुलं आकडा पाठ करतात : टाइप, मेजर, मायनर, एनलिंक हे दोन दोन बाइटचे चार, झाले ८, साइझ ४, आणि पत्ते १३, प्रत्येकी ४, म्हणजे ५२. बेरीज ६४.

आयनोडमधे फाइलचं नाव नसतं. ही गोष्ट मुलांच्या पचनी पडत नाही, फाइल आहे आणि तिला नाव नाही म्हणजे काय. इथे मी गट नंबर वापरला. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, जमीन ओळखली जाते ती गट नंबराने, "विहिरीजवळचं" किंवा "आंब्याखालचं" म्हणून नाही, ते नाव गावाच्या तोंडी असतं. एकाच गटाला एक घर "आंब्याखालचं" म्हणतं आणि दुसरं "नाल्याकडचं", रान तेच. नाव डिरेक्टरीत (फोल्डरमधे), गट नंबर म्हणजे आयनोड नंबर, आणि एनलिंक म्हणजे ह्या गटाला किती नावं आहेत ती संख्या. निफाडच्या मुलाला हे एका फटक्यात कळलं.

एक नुकसान झालं ते नोंदवते. क्यूईएमयूमधे (एक्सव्ही६ ज्याच्यात चालवतो ते नकली मशीन) एक टेस्ट फाइल बनवून ठेवलेली, नंतर एफएस.एच मधे ही कमेंट लिहिली, मेक केलं (बदललेल्या फाइलींवरून बिल्ड करणारी कमांड) आणि परत चालू केलं तर टेस्ट फाइल गायब. कमेंटने डिस्क कशी पुसली जाईल! मेकफाइल उघडून बघितलं तेव्हा कळलं, डिस्कची इमेज बनवणारा जो एमकेएफएस प्रोग्रॅम आहे तो एफएस.एच वर अवलंबून आहे, त्या फाइलला हात लागला की तो नव्याने बनतो, तो नव्याने बनला की इमेजही कोरी बनते. मेकला कमेंट आणि कोड यातला फरक कळत नाही, तो फाइलची वेळ बघतो. त्याचं बरोबरच आहे, मांडणी बदलली तर जुनी इमेज निरुपयोगीच. हेच एफएस.एच च्या अगदी वर लिहून ठेवलं, म्हणजे दुसऱ्या कोणाचा अर्धा दिवस जायला नको.

१७ जून, मंगळवार

बीमॅप झालं, फाइलचा कितवा ब्लॉक डिस्कवर कुठे आहे ते सांगणारं फंक्शन. १२ थेट पत्ते, तेरावा पत्ता अशा ब्लॉकचा (इनडिरेक्ट) ज्याच्यात अजून २५६ पत्ते आहेत, एकूण २६८ ब्लॉक, म्हणजे सगळ्यात मोठी फाइल २६८ केबी. आज एवढंच, ऑफिसातून यायला नऊ वाजले.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस मला आठवत राहणारे.

डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटची असते, २ बाइट आयनोड नंबर आणि १४ बाइट नाव. मी कमेंट लिहीत होते की "नाव जास्तीत जास्त १४ अक्षरं", आणि मावसभाऊ शेजारी बसून क्यूईएमयूमधे खेळत होता, त्याने सरळ देवनागरीत नाव टाकून फाइल बनवली, नाशिक. मग एलएस केलं, म्हणजे फाइलींची यादी मागवली. दिसलं "नाशि" आणि पुढे तो चौकोनी प्रश्नचिन्हाचा तुकडा.

दोघंही बघत राहिलो. नाशिक म्हणजे न, काना, श, वेलांटी, क. यूनिकोडच्या हिशोबाने पाच, आणि यूटीएफ-८ मधे (अक्षरं बाइटमधे साठवायची पद्धत) देवनागरीतल्या प्रत्येकाला तीन बाइट, पाच त्रिक पंधरा. जागा १४. शेवटच्या क चा तिसरा बाइट बाहेर राहिला आणि उरलेल्या दोनांना काही अर्थ नाही म्हणून तो चौकोन. आमच्या गावाचं नाव एका बाइटने बसत नाही.

पण गंमत पुढे आहे. कॅट नाशिक केलं (कॅट म्हणजे फाइल उघडून दाखवणारी कमांड) तर फाइल उघडते. कारण पाथचा (फाइलपर्यंतच्या नावांच्या साखळीचा) तुकडा काढणारं जे स्किपएलेम आहे ते शोधतानासुद्धा १४ वरच कापतं, लिहिताना कापलेलं आणि शोधताना कापलेलं जुळतं. मग त्याने कॅट नाशिककर केलं. तीच फाइल उघडली! पहिले १४ बाइट तेच ना. एरर नाही, वॉर्निंग नाही, दोन नावं गुपचूप एक झाली.

म्हणजे माझी कमेंट चूक होती. १४ अक्षरं नाही, १४ बाइट, आणि "जास्तीत जास्त" म्हटल्यावर वाटतं की पुढे गेलं तर नाकारेल, तसं नाहीये, कापून टाकतं. शिवाय नाव बरोबर १४ बाइटचं असेल तर नाव संपल्याची खूण म्हणून शेवटी असतो तो शून्याचा बाइटही नसतो, म्हणून इथे साधं स्ट्रिंग कम्पॅर चालत नाही, १४ पर्यंतच बघणारं लागतं. आता तिथे लिहिलंय : "नाव १४ बाइट. त्यापुढचं न सांगता कापलं जातं, बनवताना आणि शोधताना दोन्हीकडे. देवनागरीत चार चिन्हं आणि दोन बाइट एवढंच बसतं, 'नाशिक' आणि 'नाशिककर' ही इथे एकच फाइल आहे." ही कमेंट इंग्रजीत लिहिणाऱ्या माणसाच्या मनातही आली नसती आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

२८ जून, शनिवार

आठवडाभर एकाच जागी अडकलेय. आयगेट, आयलॉक, आयअनलॉक, आयपुट.

आयगेट आयनोड नंबर घेतं, मेमरीतल्या टेबलात त्याची जागा शोधतं नाहीतर देतं, तिथला रेफ वाढवतं आणि पॉइंटर हातात ठेवतं. बस. डिस्क वाचत नाही, कुलूप लावत नाही. त्यामुळे आयगेटनंतर लगेच साइझ बघितली तर ती काहीही असू शकते. आयलॉक कुलूप लावतं आणि आत माहिती आलेली नसेल तर डिस्कवरून आणतं. उलट्या दिशेने आयअनलॉक आणि आयपुट.

मी चारही ठिकाणी कमेंट्स लिहिल्या, वाचताना मलाच काही खटकत होतं पण सापडेना. मावसभावाने वाचलं आणि विचारलं, "ताई, इथे सोडलं म्हणतेस, तिथेही सोडलं म्हणतेस, मग नक्की काय सोडलं?" आणि खरंच की. कुलूप सोडलं, रेफ सोडला, ब्लॉक सोडला, बफर सोडला. चार वेगळ्या गोष्टींना मी एकच क्रियापद लावून बसलेले. बोलताना चालतं, समोरचा संदर्भाने समजून घेतो, कमेंटमधे तो माणूस समोर नसतो.

म्हणून आज आधी शब्द पक्के केले. कुलूप लावणं आणि उघडणं, फक्त लॉकसाठी. धरणं आणि सोडणं, फक्त रेफसाठी. ब्लॉक घेणं आणि मोकळा करणं, फक्त डिस्कवरच्या जागेसाठी. बफर (ब्लॉकची मेमरीतली प्रत) मागणं आणि परत ठेवणं, बीरीड आणि बीरिलीजसाठी. मग एफएस.सी पहिल्यापासून वाचत प्रत्येक "सोडणं" तपासलं, एकवीस जागी बदलावं लागलं, आणि त्यातल्या दोन जागी बदलताना कळलं की तिथे काय होतं हे मलाच नीट माहीत नव्हतं.

मग खरा प्रश्न. धरणं आणि कुलूप लावणं वेगळं कशाला? आयगेटनेच कुलूप लावून दिलं असतं तर? मी आधी एसटीच्या सीटवर खिडकीतून रुमाल टाकण्याचं उदाहरण दिलं, रुमाल टाकला म्हणजे धरलं, बसलं म्हणजे कुलूप. तो म्हणाला, "एका सीटवर दोघांचे रुमाल चालतात का?" नाही चालत. आयनोड मात्र एकाच वेळी दहा जणांनी धरलेला असू शकतो. उदाहरण काढून टाकलं, अर्धवट जुळणारं उदाहरण न दिलेलं बरं, पोराच्या डोक्यात नंतर तेच राहतं आणि आयनोड विसरतो.

शेवटी नेमएक्सनेच, म्हणजे पाथवरून आयनोड शोधणाऱ्या फंक्शननेच, उत्तर दिलं. पाथ एकेक तुकडा करत चालायचा : हातातल्या डिरेक्टरीला कुलूप लाव, तिच्यात पुढचं नाव शोध, पुढचा आयनोड हातात आला की आधीचीचं कुलूप उघड आणि ती सोड, मग पुढच्याला कुलूप. आता नाव जर नुसतं टिंब असेल तर? टिंब म्हणजे तीच डिरेक्टरी. पुढचा आणि आत्ताचा एकच आयनोड. डिरेक्टरीत नाव शोधणाऱ्या डिरलुकअपच्या पोटात आयगेट होतं, त्या आयगेटने जर कुलूप लावायचा प्रयत्न केला असता तर ज्याच्या हातात किल्ली आहे तोच दाराबाहेर किल्लीची वाट बघत बसला असता, कायमचा. दोन टिंबांचंही तसंच, एक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) वरून खाली उतरतेय, दुसरी खालून वर चढतेय, दोघींनी आपापलं कुलूप धरून दुसरीचं मागितलं की संपलं.

आणि मधल्या त्या क्षणाचं काय, जेव्हा मागचं कुलूप उघडलंय आणि पुढचं अजून लावलं नाही? तेवढ्यात दुसऱ्या कोणी ती फाइल डिलीट केली तर? केली तरी नाव जाईल, आयनोड जाणार नाही, कारण आपण तो धरलाय. रेफ शून्य झाल्याशिवाय तो मोकळा होत नाही. धरणं वेगळं आहे ते ह्याच एका क्षणासाठी.

कागदावर तीन बाण काढून हे सांगितलं तेव्हा मावसभाऊ जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "मग ती आयअनलॉकपुटची, कुलूप उघडून सोडण्याची, ओळ डिरलुकअपच्या आधी टाकली तर शोधताना डिरेक्टरी बदलू शकते, आणि पुढच्याला कुलूप लावल्यानंतर टाकली तर टिंबाला अडकतं, म्हणजे तिची जागा तीच." ७ जूनला मी जो प्रश्न लिहिलाय, ही ओळ काढली तर काय बिघडेल, त्याचं उत्तर त्याने मी न विचारता दिलं. नेमएक्सवरची कमेंट नऊ ओळींची झालीय, सगळ्यात लांब, आणि मी ती कमी करणार नाहीये.

२ जुलै, बुधवार

मावसभावाचा मेसेज : सिस-चडीर काहीच लिहीत नाही डिस्कवर, फक्त चालू फोल्डर बदलतं, मग तिथे बिगिन-ऑप (ट्रान्झॅक्शन सुरू करणारं) कशाला?

माझी आयपुटवरची कमेंट उघडली. "धरलेलं सोडतं, रेफ एकने कमी." अपुरी आहे. आयपुटमधे शेवटचा हात सुटला आणि एनलिंकही शून्य असेल तर तिथल्या तिथे फाइलचे ब्लॉक मोकळे होतात, आयनोड मोकळा होतो, म्हणजे डिस्कवर लिहिलं जातं. म्हणून आयपुट नेहमी ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे सगळं होईल नाहीतर काहीच नाही अशा व्यवहाराच्या, आतच. मग करून बघितलं : एक फोल्डर बनवलं, त्याच्या आत गेले, आतूनच स्लॅश-आरएमने तेच फोल्डर काढलं, एक्सव्ही६ च्या शेलकडे (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमकडे) कमांड कुठे शोधायच्या ह्याची यादी नसते म्हणून पुढे स्लॅश द्यावा लागतो. फोल्डरचं नाव गेलं, पण शेलने ते धरलेलं आहे म्हणून आयनोड जिवंत. आता सीडी (फोल्डर बदलायची कमांड, जिच्यामागे चडीर असतं) करून बाहेर पडलं की शेवटचा हात सुटतो आणि त्या साध्या सीडीच्या पोटात डिस्कवर लिहिलं जातं.

कमेंट बदलली, हे उदाहरण जसंच्या तसं लिहिलं. त्याला फोन करून सांगितलं की तुझ्या प्रश्नामुळे माझी चूक सापडली.

५ जुलै, शनिवार

लॉग.सी. सकाळपासून पाऊस, लाइट दोनदा गेली, आणि वाचत होते तो भाग लाइट गेल्यावर डिस्कचं काय होतं ह्याचाच.

ह्याच्यासाठी शब्द माझ्या घरातच होते. काकांचं रविवार कारंजाजवळ धान्याचं दुकान आहे, ते अजूनही लाल कापडी वहीत लिहितात. व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत, तारखेवार, जसा आला तसा. मग सवडीने खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर. लहानपणी मी विचारलेलं की दोनदा कशाला लिहिता, तर म्हणाले होते की एकदा रोजकीर्दीत आलं की मग मधेच कोणी हाक मारली तरी काही हरवत नाही. लॉग म्हणजे रोजकीर्द आणि ब्लॉकची मूळ जागा म्हणजे खतावणी. लॉगच्या कमिटमधे, म्हणजे व्यवहार पक्का करण्यात, चार पायऱ्या आहेत आणि क्रम हाच लागतो : बदललेले ब्लॉक लॉगमधे लिहा, मग हेडर (लॉगमधे किती आणि कुठले ब्लॉक आहेत ते) लिहा, मग ब्लॉक आपापल्या मूळ जागी लिहा, मग हेडरमधली संख्या शून्य करा. हेडर डिस्कवर पडलं तो क्षण म्हणजे व्यवहार झाला. त्याच्या आधी लाइट गेली तर काही झालंच नाही, नंतर गेली तर चालू होताना लॉगवरून पुन्हा उतरवून घ्यायचं.

पण उदाहरण कुठे थांबतं तेही लिहिलं. एक, काकांची रोजकीर्द वर्षानुवर्षं राहते, इथे उतरवून झालं की हेडर शून्य आणि तीच जागा पुढच्या व्यवहाराला. दोन, आणि हे महत्त्वाचं, खतावणीत तीच रक्कम दोनदा चढली तर घोळ होतो. इथे लॉगमधे "शंभर मिळव" असं नसतं, "हा अख्खा ब्लॉक असा आहे" असं असतं, त्यामुळे उतरवता उतरवता परत लाइट गेली आणि पुन्हा पहिल्यापासून उतरवलं तरी उत्तर तेच येतं. म्हणून रिकव्हरीच्या मधे लाइट गेल्यासाठी वेगळा कोड लिहावा लागलेला नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. खिचडी खाऊन मी आणि मावसभाऊ प्रयोगाला बसलो. प्रयोगासाठी कोडची वेगळी प्रत केली. सिस्टीम एकदा सरळ बूट करून घेतली, कारण पहिल्या बूटला इनिट (सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) कन्सोलची नोंद बनवतं आणि तेही कमिट असतं. मग लॉग ब्लॉक लिहून झाल्यावर पण हेडरच्या आधी पॅनिक (मशीन जागीच थांबवणारी ओळ) टाकलं. इको करून एफ नावाच्या फाइलमधे दोन अक्षरं लिहायला सांगितली, मशीन तिथेच थांबलं. क्यूईएमयू बंद, पॅनिक काढलं, परत चालू. एफ नाही. बरोबर.

मग पॅनिक हेडरच्या लगेच नंतर टाकलं. तेच सगळं. परत चालू केल्यावर एलएस मधे एफ आहे! दोघांनी टाळ्या दिल्या. पण तिची साइझ ०.

अक्षरं कुठे गेली? पाच मिनिटं लागली. फाइल बनवणं ओपनमधे होतं, तो एक व्यवहार, मशीन तिथेच मेलं. अक्षरं लिहिणं हा राइटचा वेगळा व्यवहार, तो सुरूच झाला नाही. लॉग जे वचन देतं ते एका सिस्टीम कॉलपुरतं (प्रोग्रॅमने कर्नलला सांगितलेलं एक काम, जसं ओपन किंवा राइट), माणसाच्या मनातल्या "फाइल सेव्ह केली" ह्या एका कामापुरतं नाही.

खरंतर एका सिस्टीम कॉललाही पूर्ण नाही. फाइलराइट मोठं लिखाण ३०७२ बाइटच्या तुकड्यांत करतं आणि प्रत्येक तुकडा वेगळा व्यवहार. हा ३०७२ मला कित्येक दिवस जादूचा आकडा वाटायचा, आज मावसभावाला तो मोडून दाखवला : एका व्यवहाराला जास्तीत जास्त १० ब्लॉक, त्यातला एक आयनोडचा, एक इनडिरेक्टचा, दोन जादा कारण लिखाण ब्लॉकच्या मधूनच सुरू होऊन मधेच संपू शकतं, राहिले सहा, आणि प्रत्येक नव्या डेटा ब्लॉकसोबत एक बिटमॅपचा ब्लॉकही बदलू शकतो म्हणून सहाचे निम्मे, तीन. तीन गुणिले १०२४.

१२ जुलै, शनिवार

मावसभाऊ वर्गातल्या दोन मित्रांना घेऊन आला, एक सिन्नरचा, एक सटाण्याचा. नुसत्या कमेंट्स वाचायला लावल्या आणि कोड झाकून ठेवला. कुठे कळत नाही तिथे पेन्सिलने खूण. अकरा खुणा झाल्या, सात बायो.सी मधल्या, ती मी घाईत केलेली, परत लिहायची आहे. सटाण्याच्या मुलाने "बफर परत ठेवला" ह्यावर विचारलं की परत म्हणजे डिस्कवर का, आणि त्याची शंका रास्त आहे, परत ठेवणं म्हणजे कॅशमधे, डिस्कवर जाणं वेगळं. तिथे "कॅशमधे" हा शब्द जोडला.

चहा पिताना त्यांना जॉन लायन्स यांच्याबद्दल सांगितलं, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात १९७६ मधे त्यांनी युनिक्सच्या ह्याच सहाव्या आवृत्तीचा कोड ओळीओळीने समजावून लिहिला होता, विद्यार्थ्यांसाठी. आणि त्या कोडमधे प्रोसेस बदलण्याच्या जागी ती प्रसिद्ध कमेंट आहे की हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. डेनिस रिची यांनी नंतर सांगितलं की त्याचा अर्थ "हे परीक्षेला येणार नाही" असा होता. सिन्नरचा मुलगा म्हणाला, "पण वाचणाऱ्याला ते कुठून कळणार?"

सिसफाइल.सी मधलं क्रिएट मी मुद्दाम रिकामं ठेवलेलं. मावसभावाला म्हटलं हे तू लिही. नवं फोल्डर बनताना त्यात टिंब आणि दोन टिंब अशा दोन नोंदी पडतात, दोन टिंबांसाठी वरच्या फोल्डरचा एनलिंक वाढतो, टिंबासाठी मात्र स्वतःचा वाढत नाही. त्याने दोनदा खोडलं, एकदा "सोडणार" लिहून स्वतःच "मोकळं होणार" केलं, आणि हे ठेवलं :

"इथे टिंबासाठी एनलिंक वाढवायचा नाही. वाढवला तर फोल्डर स्वतःचंच नाव मोजत बसेल, बाहेरची नावं गेली तरी संख्या शून्य होणार नाही आणि ते कधीच मोकळं होणार नाही."

तुलनेची स्क्रिप्ट चालवली, बाइट सगळे तेच. त्याच्या नावाने कमिट केलं.